छंद आणि व्यवहार : पेटीतला सैनिक

नोकरीस लागून जेमतेम वर्ष झालेल्या एका तरुण वाचकाने आम्हांस पत्र लिहून विचारले आहे की, जुन्या ॲक्शन फिगर जमविण्याचा छंद त्यास लागला असून, परदेशात प्रतवारी करून घेतलेला एक सैनिक दोन महिन्यांच्या पगाराइतक्या किमतीस मिळतो आहे. तो घ्यावा काय? वडिलांचा विरोध आहे, हेही त्याने प्रांजळपणे कळविले आहे. आम्ही वडिलांच्या बाजूने आहोत, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. खेळण्यात पैसे घालणे म्हणजे वेडेपणा, असे आम्हांस वाटत नाही. नाणी, टपालतिकिटे, जुनी पितळी भांडी जमविणारी माणसे आपल्यात पूर्वीपासून आहेत. त्यांच्या पंक्तीस प्लॅस्टिकचा सैनिक येऊन बसला तर बिघडले कोठे? आमचा आक्षेप आहे तो पहिलीच खरेदी आकड्यावर विसंबून करण्यास.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडे सांगतो. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुलीशी खेळावयाचे नाहीत, म्हणून त्यास बाहुली न म्हणता ‘ॲक्शन फिगर’ असे नाव देण्यात आले. पुढे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटाची पावणेचार इंची पात्रे केनर कंपनीने १९७८ साली काढली. चित्रपट १९७७चा, त्या वर्षीच्या नाताळापर्यंत खेळणी तयार झाली नाहीत, म्हणून कंपनीने खेळण्याऐवजी ‘नंतर पाठवू’ अशा हमीचे पाकीटच दुकानांत विकले! तेव्हाची मुले आज साठीकडे झुकली आहेत आणि आपले बालपण परत विकत घेत आहेत. बाजार चढला तो त्यामुळे.

बाजार चढला तशी प्रतवारी आली. अमेरिकेतील ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’सारख्या संस्था खेळणे तपासून दहा ते शंभरपर्यंतचा दर्जांक देतात व ते ॲक्रिलिकच्या पारदर्शक पेटीत बंद करतात. पुठ्ठ्यावर बसविलेला नग असेल तर पुठ्ठा, वरचा पारदर्शक फुगवटा आणि आतला बाहुला यांचे गुण वेगवेगळे दिलेले असतात. ते वाचल्यावाचून नुसता मोठा आकडा पाहू नये. आकड्याआधी ‘यू’ हे अक्षर असेल, तर तो सुटा बाहुला बंद वेष्टनातून थेट काढलेला आहे असे समजावे.

आम्ही आयुष्यभर उत्तरपत्रिका तपासल्या. गुण कशाचे द्यावयाचे हे ठरल्यावाचून गुणांना अर्थ नसतो. येथे गुण मिळतात ते स्थितीचे, दुर्मीळतेचे नव्हेत. लाखोंनी निघालेला सैनिक पंच्याऐंशी गुणांचा असला तरी तो लाखांतलाच राहतो. २०२४ साली अमेरिकेतील एका लिलावात बोबा फेट या पात्राचा रॉकेट उडविणारा नमुना ५ लाख २५ हजार डॉलरांस गेला, ही बातमी वाचून पुष्कळांचे डोळे दिपले. पण तो कारखान्यातील पूर्वनमुना होता. दुकानात तो कधी आलाच नव्हता. त्यावरून आपल्या कपाटातील फेटची किंमत काढू नये.

मग आरंभ कोठून करावा? आमच्या मते आपल्या दारातून. १९८७ साली एमआरएफ व हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल कंपनी निघाली. तिचा कारखाना आपल्या गोव्यात आहे. हॅस्ब्रोच्या साच्यांतून तिने भारतात जी. आय. जो काढले आणि कित्येकांना मूळ अमेरिकी आवृत्तीहून निराळे रंग दिले. त्या रंगांसाठी परदेशचे संग्राहक आज ते शोधत असतात, आणि आपल्याकडे ते एखाद्या माळ्यावरच्या डब्यात पडलेले असावयाचे! असा सुटा, खेळून झालेला सैनिक थोड्या पैशांत घ्यावा आणि हातात धरून पाहावा. पेटीतल्या सैनिकापासून हे शिक्षण मिळत नाही. कंबर लुळी पडली असेल तर आतले रबरी कडे कुजले आहे असे समजावे. पाठीवरचा स्क्रू काढून ते बदलता येते. खाऱ्या हवेत स्क्रू गंजलेला आढळल्यास जोर करू नये. मोडलेला अंगठा आणि कोपराला गेलेली चीर मात्र भरून येत नाही. म्हणून बंदूक हातात दाबून बसवू नये. अंगावर कोरलेले साल हे साच्याच्या हक्काचे असते, त्या नगाच्या निर्मितीचे नव्हे. नवखा माणूस येथे हटकून फसतो.

त्याहून अधिक फसवणूक बंदुका, तलवारी आणि झगे यांत होते. लहान मुलांनी हरवले तेच, त्यामुळे नकलाही त्यांच्याच. जावा या ‘स्टार वॉर्स’मधील बुटक्या पात्राला आरंभी प्लॅस्टिकचा झगा होता, नंतर कापडाचा आला. पहिला महाग, म्हणून दुसऱ्या पात्राचा प्लॅस्टिकचा झगा कापून जावाच्या अंगावर चढविणारे विक्रेते झाले. शस्त्र पाण्यात तरंगले की खरे, अशी एक कसोटी सांगतात. ती सर्वांना सारखी लागू पडत नाही. खात्रीच्या नगाशेजारी ठेवून पोत आणि रंग पाहावा, हे बरे. पुठ्ठ्यावरील नगात फुगवट्याची कड बारकाईने पाहावी. पुठ्ठा खरा, बाहुला खरा, आणि फुगवटा मात्र काल चिकटविलेला, असेही घडते. दुकानदाराने लावलेली किमतीची चिठ्ठी सोलण्याचा मोह आवरावा; चिठ्ठीबरोबर पुठ्ठ्याचा पापुद्रा निघाला की गुण गेले.

आपला नग प्रतवारीसाठी परदेशी पाठवू म्हणणाऱ्यांनी आधी जाण्यायेण्याचा खर्च, विमा आणि जकात यांची बेरीज कागदावर मांडावी. खेळण्यांवरील आयातकर २०२० साली वीसवरून साठ टक्के आणि २०२३ साली सत्तर टक्के झाला. पार्सल परत येताना काय द्यावे लागेल, हे चालू दरासह आधी विचारून घ्यावे. बहुतेक भारतीय नगांना हा खर्च परवडत नाही, असे आमचे मत आहे. विकत घेतानाही विक्रेता काय मागतो ते न पाहता, तसाच नग प्रत्यक्षात कितीला गेला ते पाहावे, आणि चार-सहा महिने नुसते पाहतच राहावे.

शेवटी एक घरगुती गोष्ट. आपल्या पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो, त्याला बुरशी धरते, कसर लागते. उन्हाने प्लॅस्टिक पिवळे पडते. पेटी त्यास पुरते वाचवीत नाही. भिंतीला ओल नसलेले, उन्हाची तिरीप न येणारे कपाट पाहावे, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. कपाट लोखंडी असल्यास पुठ्ठे पत्र्याला टेकवू नयेत.