तत्त्व तुमचं, थाळी माझी

पुण्या-मुंबईत भाड्याने फ्लॅट शोधलेल्या प्रत्येकाला दोन वाक्यं पाठ असतात. ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही हं’ आणि ‘बॅचलर्सना देत नाही’. का, विचारलं की उत्तर तयार. ‘आमचं तत्त्व आहे.’ बस्स! तत्त्व म्हटलं की चर्चा खल्लास.

तत्त्वाने जगणाऱ्यांबद्दल मला आदरच आहे. माझा प्रश्न एवढाच, की तत्त्व तुमचं असेल तर नियम मला का?

टी. एम. स्कॅनलन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९९८ मध्ये याच प्रकारच्या प्रश्नावर जाडजूड पुस्तक लिहिलं, ‘व्हॉट वी ओ टु ईच अदर’. (‘द गुड प्लेस’ पाहिली असेल तर चिडीचं लाडकं पुस्तक ते हेच!) त्याचा फंडा थोडक्यात असा : सगळ्यांना लागू होणारा नियम असा हवा, की तो कुणालाही रास्त कारणाने नाकारता येऊ नये. ‘मला नाही आवडत’ हे रास्त कारण नव्हे. नियम केला तर माझं किती अडतं आणि नाही केला तर तुमचं किती अडतं, हे दोन्ही तराजूत टाकून बघायचं.

बघू या. मी बोंबील तळले तर तुम्हाला तासभर वास येईल. नियम केलात तर मला घरच मिळणार नाही. माझं पारडं जड. पण रात्री दोन वाजता मी फुल्ल व्हॉल्यूममध्ये गाणी लावून ‘माझं स्वातंत्र्य’ म्हणायला लागले, तर तुमचं पारडं जड. तराजू दोन्हीकडे चालतो, हे त्यातलं बेस्ट!

गाडी अडते ती पुढे. समजा, तुमची तक्रार वासाची नाहीच. मांस खाणं म्हणजे जीव घेणं, असं तुम्ही मनापासून मानता. शिवाय आपल्यासारख्यांसोबत राहावंसं वाटणं हा गुन्हा नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सदस्यत्व फक्त पारशांपुरतं ठेवता येईल, असं सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये म्हटलं होतं. म्हणजे तुमचा नकार रास्त आणि माझाही. मग?

मग निदान खरं कारण तरी सांगा, बॉस. २४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत गोहत्याबंदीवर चर्चा झाली. आसामचे सय्यद मुहम्मद सादुल्ला यांचा मुद्दा भारी होता. कारण धार्मिक असेल तर तसं उघड सांगा, आर्थिक कारणाच्या मागच्या दाराने आणू नका. झेड. एच. लारी यांनीही बहुमतवाल्यांना काय हवंय ते स्पष्ट बोला असं सांगितलं. पण अनुच्छेद ४८ मध्ये आला तो शेती आणि पशुसंवर्धन आधुनिक शास्त्रीय पद्धतीने करण्याचा मुद्दा. खरं कारण टेबलावर आलं असतं तरी सादुल्लांना ते पटलं नसतं. पण वाद खऱ्या गोष्टीवर झाला असता.

सोसायटीत हेच घडतं. मनात जात असते, धर्म असतो, ‘एकट्या मुली म्हणजे लफडं’ असतं. नोटिशीवर मात्र ‘स्वच्छता व सुरक्षितता’. स्वच्छतेचं कारण मला खोडून काढता येतं, कचरा रोज टाकून. मनातल्या कारणाला कसं खोडणार? ते तर कुणी बोललेलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या ताटापुरतं तत्त्व असेल तर कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. पण ज्याच्या हातात चावी, ज्याच्या बाजूने बहुमत, कारण सांगायची जबाबदारी त्याचीच. आणि ते सांगायचं कुणाला? एजीएममध्ये हात वर करणाऱ्यांना नाही, त्यांना आधीच पटलेलं असतं. ज्याला घर नाकारताय त्याला, त्याच्या तोंडावर. तिथे जे कारण बोलायला जीभ अडखळते, त्याचा नियम करण्याआधी जरा थांबा.