लस आधी कुणाच्या दंडाला?

अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ. गडगंज. तिथं मार्च २०१३ मध्ये मेनिंजायटिसचा पहिला रोगी सापडला. हा जंतू घशात घर करतो. एका खोलीत झोपणाऱ्यांना, एका पेल्यात पिणाऱ्यांना धरतो. सकाळी ताप, रात्रीपर्यंत मरणसुद्धा, असा त्याचा खाक्या. वर्ष सरेस्तोवर ८ जणांना लागण झाली.

जंतू ‘बी’ गटाचा. त्यावरच्या लशीला अमेरिकेत परवाना नव्हता. युरोपनं जानेवारी २०१३ मध्येच दिला होता. मग काय? सरकारी खात्यांनी खास परवानगी दिली, लस समुद्रापलीकडून आली, खर्च विद्यापीठानं उचलला आणि डिसेंबरात ५,००० वर पोरांनी दंड पुढं केले. प्रिन्स्टनचं एकही पोर दगावलं नाही. चांगलं झालं. श्रीमंताचं पोर जगलं म्हणून आमच्या पोटात दुखत नाही.

पण हिशेब इथं मिटत नाही. मार्च २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातला एक तरुण जीव गेला. प्रिन्स्टनच्या पोरांशी संबंध आलेला. जंतू तोच. ही लस टोचलेल्याला वाचवते, घशातला जंतू हटवत नाही. म्हणजे यादी संपते तिथं धोका सुरू होतो.

आता आफ्रिकेकडं बघा. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीत २,५०,००० वर माणसं आजारी पडली, २५,००० मेली. तिथला जंतू ‘ए’ गटाचा. टिकाऊ लस बनवायचं शास्त्र दुसऱ्या रोगांवर तेव्हाही वापरात होतं. तरी या पट्ट्यात लस पोचायला २०१० साल उजाडलं. विज्ञान अडलं नव्हतं, गिऱ्हाईक गरीब होतं! शेवटी ती लस बनली आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. एका डोसाला अर्ध्या डॉलरहून कमी. आणि ‘ए’चा धुमाकूळ थांबला. म्हणजे करायचं ठरवलं की होतं, आणि स्वस्तातही होतं.

मित्रांनो, प्रिन्स्टनला ९ महिने, आफ्रिकेला १३ वर्षं. हा भेद जंतूनं केलेला नाही. ‘परवाना नाही’, ‘निधी नाही’, ‘नियमात बसत नाही’ ही उत्तरं वसतिगृहाच्या दाटीत झोपणाऱ्या आपल्या पोरांनाही पाठ आहेत. पुन्हा कुणी ती तोंडावर फेकली, तर प्रिन्स्टनचं नाव घ्या. नियम वाकतो, हे जगानं बघितलंय. तो आमच्यासाठीही वाकलाच पाहिजे!