रोजगारांबरोबर कामाचे तासही मोजावेत



राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली, तेव्हा ५० हजार कोटींची गुंतवणूक आणि दोन लाख रोजगार ही उद्दिष्टे ठळकपणे मांडली गेली. हे रोजगार कोणत्या अटींवर मिळणार, हा प्रश्न मात्र मागे राहिला. बुलढाणा जिल्ह्याला तो दूरचा वाटू नये, कारण या व्यवसायातील मोठे स्टुडिओ पुणे-मुंबईत एकवटलेले असून शेगाव, खामगाव, चिखली येथे शिकलेल्या तरुणांना या कामासाठी घर सोडून तिकडेच जावे लागते.

गेम ठरल्या तारखेला बाजारात यावा म्हणून अखेरच्या आठवड्यांत किंवा महिन्यांत जे सक्तीचे जादा काम करून घेतले जाते, त्याला गेमिंग व्यवसायात ‘क्रंच’ म्हणतात. खामगावच्या जिनिंगमध्ये हंगामात काम वाढले की दुसरी पाळी लावावी लागते. स्टुडिओत मात्र दुसरी पाळी त्याच माणसाकडून काढून घेता येते, कारण ठोक मासिक पगारात जादा तासाचा खर्च मालकाला जाणवत नाही आणि चुकलेल्या वेळापत्रकाचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर पडतो. शिवाय मोठे निर्णय परदेशात होतात. ‘युबिसॉफ्ट’ या परदेशी गेम कंपनीच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे असलेले ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेमच्या पुनर्निर्मितीचे काम २०२२ मध्ये कॅनडातील मॉन्ट्रियलला हलवण्यात आले; असे निर्णय घेणाऱ्यांशी एकट्या कर्मचाऱ्याला बोलता येणे अशक्यच असते.

कायदा मुळीच नाही, असे नव्हे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ तांत्रिक काम करणाऱ्यांनाही लागू असून त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा व जादा कामासाठी दुप्पट वेतनाची तरतूद करण्यात आली. परंतु पर्यवेक्षकीय वा व्यवस्थापकीय पदे या तरतुदींतून वगळलेली असल्यामुळे हाताखाली कोणीही नसलेल्या कर्मचाऱ्यालाही ‘लीड’ असे पदनाम देऊन पळवाट काढता येते. त्यातच मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्येच दिवसाची मर्यादा दहा तासांवर, तिमाहीतील जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर आणि कायदा लागू होण्यासाठीची कर्मचारीसंख्या दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. या शेवटच्या बदलाचा फटका छोट्या स्टुडिओंतील नवोदितांनाच अधिक बसणार आहे.

यावर उपाय म्हणजे कर्मचाऱ्यांची संघटना. ती आली की काम दुसऱ्या देशात जाईल, हा आक्षेप बिनबुडाचा नाही, कारण परदेशी कंपन्या भारतात येतात त्या बऱ्याच अंशी कमी वेतनामुळे. मात्र अमेरिकेत ‘रेवन सॉफ्टवेअर’ या स्टुडिओमधील गेम-चाचणी करणाऱ्यांनी, म्हणजे गेममधील दोष शोधणाऱ्या कर्मचाऱ्यांनी, मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी संघटना स्थापन केली, जानेवारी २०२३ मध्ये ‘झेनिमॅक्स’ या गेम कंपनीतील सुमारे ३०० जणांनी तोच मार्ग धरला, आणि त्यामुळे तिथला व्यवसाय बंद पडला नाही. महाराष्ट्राला तर हा अनुभव जुना आहे: नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ स्थापन केली, १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, आणि गिरण्या त्यानंतरही वाढतच राहिल्या. आज पुण्यात ‘नाइट्स’सारखी संघटना माहिती-तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांच्या तक्रारी कामगार विभागाकडे नेत आहे, गेमिंगमधील कर्मचाऱ्यांनीही त्या वाटेने जायला हवे.

एका स्टुडिओवर घातलेली अट काम पळवून लावू शकते, पण राज्याच्या सवलतीला जोडलेली अट सर्वांना सारखीच लागू होते. म्हणून अनुदान घेणाऱ्या प्रत्येक स्टुडिओने प्रत्यक्ष कामाच्या तासांची नोंद ठेवणे, जादा कामाचे वेतन देणे, मध्येच काम सोडून गेलेल्यांसह सर्वांची नावे गेमच्या श्रेयनामावलीत घालणे आणि संघटना बांधणाऱ्यांवर कारवाई न करणे बंधनकारक करावे. जिल्ह्यातील महाविद्यालयांनीही कॅम्पस मुलाखतींपूर्वी विद्यार्थ्यांना या कायद्याची माहिती द्यावी. जनतेच्या पैशातून उभा राहणारा रोजगार कायद्याच्या चौकटीतलाच असला पाहिजे, आणि ते पाहण्याची जबाबदारी पैसा देणाऱ्या शासनाची आहे.

– एक वाचक, खामगाव (जि. बुलढाणा)