फीडर नंतर घ्या, आधी पत्रा सरळ करा

माझा धंदा कापडाचा. तरीही या पानावर पॉवर प्रेसविषयी लिहीत आहे, कारण आपल्या समाजातील बरीच मुले आज वाळूज, भोसरी, चाकण, साकीनाका येथील प्रेस वर्कशॉपमध्ये राबत आहेत आणि काहींनी अल्लाहच्या कृपेने स्वतःचे एकदोन प्रेस टाकलेही आहेत. माझा भाचा त्यांपैकीच एक.

शेजारच्या कारखान्यात एका कामगाराची दोन बोटे डायखाली गेली. त्या रात्री भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामू, हाताने पट्टी सरकवणे आता बंद. फीडर घ्यायचा आहे." मला आनंद झाला, मी पैसेही दिले. हरियाणातील जखमी कामगारांवर 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. त्यांतही बोटे जाण्यामागे पॉवर प्रेसचा मोठा वाटा दिसतो.

विक्रेत्याने सर्व्हो फीडर गळ्यात मारला. स्ट्रेटनरचे नाव काढले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. डिकॉइलरवरून पट्टी थेट फीडरमध्ये. कॉइलचा बाहेरचा भाग ठीक चालला. गुंडाळी आत आत गेली तसा पट्टीचा बाक वाढला, भोके जागा सोडू लागली, पट्टी डायमध्ये अडकू लागली. मग कामगार काय करणार? गार्ड उघडून हात आत घालणार! ज्या हातासाठी यंत्र घेतले, तोच हात पुन्हा डायखाली.

तेव्हा मला आमचा तागा आठवला. ताग्याच्या आतल्या टोकाचे कापड टेबलावर पसरले तरी वळून बसते. कापडाला इस्त्री असते. पत्र्याची इस्त्री म्हणजे स्ट्रेटनर. पट्टी त्याच्या रोलांमधून खालीवर वाकत जाते आणि बाक निघतो.

यात लोक फसतात ते रोलांच्या संख्येवर. सात रोल की नऊ, एवढेच विचारतात. पातळ पत्र्याला बारीक आणि जवळजवळचे रोल लागतात, जाड पत्र्याला मोठे आणि लांब अंतराचे. एकच यंत्र अर्ध्या मिलिमीटरपासून चार मिलिमीटरपर्यंत सारखेच चांगले चालेल, असे कोणी सांगितले तर चहा प्यावा आणि उठावे. जाडी दुप्पट झाली की त्याच रुंदीच्या पट्टीला वाकवायला चौपट जोर लागतो, आणि पोलाद जास्त ताकदीचे असेल तर आणखी. पाटीवर '३ मि.मी., ४०० मि.मी.' असे लिहिलेले असते. पण ३ मि.मी. जाडी ४०० रुंदीवर चालते का, की फक्त अरुंद पट्टीवर? त्याचा तक्ता मागून घ्यावा.

स्ट्रेटनर सगळे दोष काढत नाही. पट्टीचे काठ लहरी असतील, म्हणजे ढिल्या किनारीच्या कापडासारखे, तर मागून आधार दिलेल्या बारीक रोलांचा लेव्हलर लागतो, आणि तो महाग. पट्टी तलवारीसारखी एका बाजूला वळलेली असेल तर तो दोष बहुधा स्लिटिंगमधला. त्याचा जाब माल देणाऱ्याला विचारावा, त्यासाठी यंत्र घेऊ नये.

आता फीडर. तो मिनिटाला किती मीटर चालतो हा आकडा एकट्याने निरुपयोगी आहे. प्रेस मिनिटाला ६० ठोके मारत असेल तर एका ठोक्याला एक सेकंद, आणि पट्टी सरकवायला त्यातला साधारण अर्धाच मिळतो. तेवढ्या वेळात आपली लांबी सरकते का ते पाहावे. प्रोग्रेसिव्ह डाय असेल तर पायलट भोकात शिरताना फीडरने पकड सोडलीच पाहिजे, नाहीतर भोके ओढली जातात. स्ट्रेटनर आणि फीडर वेगळे असतील तर मधल्या झोळीलाही जागा लागते. आमच्या गाळ्यात हे माप घ्यायचेच राहिले होते.

माझे स्पष्ट मत असे की पैसे कमी असतील तर चांगला जुना स्ट्रेटनर आणि साधा हवेवरचा फीडर घ्यावा. स्ट्रेटनरशिवाय सर्व्हो घेऊ नये. त्यासाठी व्याजाच्या कर्जात शिरण्याचीही गरज नाही. आम्ही कापडवाले प्लॉटमध्ये भागीदारी करतो, तशी भाच्या-पुतण्याच्या यंत्रात नफ्यातोट्याची भागीदारी का करू नये? मी केली आहे. अजून नफा दिसलेला नाही, पण गेल्या पावसाळ्यापासून त्या प्रेसवर कोणाचा हात आत गेलेला नाही.

जुना स्ट्रेटनर पाहायला जाताना रोलांवरचा गंज आणि बेअरिंगची ढिलाई तपासावी, आणि स्वतःच्या कॉइलचा अगदी आतला तुकडा सोबत न्यावा. विक्रेता आपलाच पत्रा चालवून दाखवतो. तो आधीच सरळ असतो.