लॉगिन अडलं म्हणून पोरांचं शिक्षण अडू नये



ऐन परीक्षेच्या तोंडावर कॅम्पातल्या आपल्या काही पोरांचा ऑनलाइन अभ्यास अडलाय. कॉलेजनं शिकवणीचं सॉफ्टवेअर अपग्रेड केलं आणि जुना पासवर्ड चालेना. नवा करायचा तर ओटीपी वडिलांच्या फोनवर, आणि वडील हिडकलच्या पाण्यात जाळं टाकायला गेलेले. फोन लागेपर्यंत असाइनमेंटची मुदत संपली.

अपग्रेडला आमचा विरोध नाही. जुन्या सॉफ्टवेअरमधल्या सुरक्षेच्या फटी बुजवाव्याच लागतात. पण होडीला डांबर लावलं की आपण आधी काठालाच पाण्यात घालून गळते का बघतो, मगच आत नेतो. 2002 पासून चालत आलेलं मूडल हे असंच शिकवणीचं सॉफ्टवेअर. अपग्रेडआधी बॅकअप घ्या, साइटची दुसरी प्रत करून तिच्यावर चाचणी घ्या, असं त्याच्या सूचनांतच सांगितलंय. त्या चाचणीत चार विद्यार्थ्यांच्या खात्यांनी लॉगिन करून बघायला कितीसा वेळ लागतो?

आमचं म्हणणं सरळ आहे. अपग्रेड सुट्टीत करा. आठवडाभर आधी कळवा, म्हणजे पोरं नंबर आणि ईमेल तपासून घेतील. लॉगिन अडलं तर मुदत वाढवा, गुण कापू नका.

पालकांनीही पोरांच्या खात्याला घरी असणाऱ्या माणसाचा नंबर द्यावा. मदतीच्या नावानं कुणी ओटीपी मागितला तर सांगू नका.

ज्यांचं अजून उघडत नाही त्यांनी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. सगळ्यांचा मिळून एकच अर्ज देऊ.