आधी बाळ, मग बिल

दीड-दोन वर्षांचं मूल तापानं फणफणतं, अचानक डोळे फिरवतं, हातपाय ताठ करतं. रोडपालीतल्या एखाद्या घरातून अशा रात्री रिक्षा निघते, आणि रुग्णालयाच्या काउंटरवर पहिला प्रश्न येतो तो अनामत रकमेचा.

तो प्रश्न आधी विचारायचाच नसतो. एका जखमी स्कूटरस्वाराला रुग्णालयानं पोलिस केस म्हणून दारातून परत पाठवलं आणि दुसरीकडे नेताना तो दगावला. त्यावरून झालेल्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच बजावलं की, जीव वाचवणं हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे.

आतलं दृश्यही तितकंच जीवघेणं. इवल्याशा मनगटात शीर सापडत नाही, सुई पुन्हा टोचली जाते, आणि आईला सांगतात, "बाहेर थांबा." का? आई जवळ असली की मूल सावरतं. जागा नसेल तर निदान काय चाललंय ते दोन वाक्यांत सांगावं!

रुग्णालय गाठण्याआधी घरी काय करावं, हेही माहीत हवं. सहा महिने ते पाच वर्षं या वयात असे तापातले झटके येऊ शकतात. बहुतेक काही मिनिटांत थांबतात. मुलाला कुशीवर वळवावं. तोंडात चमचा, पाणी काही घालू नये. कांदा हुंगवण्यात वेळ दवडू नये. झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करावा.

आणि रुग्णालयात आपले हक्क माहीत हवेत. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं खासगी रुग्णालयांना बंधनकारक आहे. रोडपाली-कळंबोलीच्या वाचकांनी आपल्या जवळच्या रुग्णालयात ती दिसते का, हे पाहून आम्हाला जरूर कळवावं.