गाडीचा ताप आणि व्हॉल्व्हची बैठक

मे महिन्याच्या सुट्टीत कल्याण-मुरबाडकडून माळशेज घाट चढून जुन्नरकडे येताना एक दृश्य हमखास दिसते. वीस-पंचवीस वर्षांची एखादी मोटार रस्त्याच्या कडेला उभी असते. बॉनेट उघडे असते, आतून वाफ निघत असते आणि घरातील कर्ता पुरुष पाण्याची बाटली घेऊन रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेत असतो. पाहुण्यांना लेण्याद्री आणि ओझर दाखवावे, म्हणून निघालेले कुटुंब भर उन्हात खोळंबलेले असते.

त्या क्षणी सर्वांत मोठा धोका इंजिनाला नसून त्या हाताला असतो. रेडिएटरचे झाकण आतील पाणी दाबाखाली ठेवते. त्यामुळे ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते आणि उकळता फवारा थेट चेहऱ्यावर येतो. म्हणून गाडी सावलीत थांबवावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये. झाकण थंड झाल्यावर त्यावर जाड कापड ठेवून ते हळूहळू सैल करावे. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतणेही तितकेच घातक, कारण त्याने सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

जुन्या मोटारीविषयी आपल्या समाजात विशेष जिव्हाळा आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात 1882 साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी या गाड्या बाहेर पडल्या. 1089 सीसीचे चार सिलिंडरांचे ते इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत अनेक दशके राबले. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तरीही अनेक घरांच्या अंगणात वडिलांची पद्मिनी किंवा पहिली मारुती 800 आजही जपून ठेवलेली आढळते. जपणे म्हणजे केवळ धुऊन-पुसून झाकून ठेवणे नव्हे. तिच्या दुखण्याची भाषा समजून घेणे हेही जपण्यातच येते.

तापणे हे लक्षण आहे, रोग नव्हे. रोग ओळखायचा, तर गाडी केव्हा तापते हे आधी पाहावे. नारायणगाव किंवा मंचरच्या गर्दीत उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, असे असेल, तर दोष बहुधा पंख्याचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा पंखा सुरू करणाऱ्या स्विचचा असतो. घाट चढताना किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून क्षारांनी भरलेला असतो, वॉटर पंप थकलेला असतो किंवा इग्निशनचे टायमिंग मागे गेलेले असते. गाडी सुरू करताच थोड्या वेळात काटा वर जात असेल, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला असावा. थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो, पण त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही आणि पेट्रोल अधिक जळते. तो बदलावा, काढू नये. रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर निघत राहत असेल, तर मात्र हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी आणि गाडी पुढे नेऊ नये.

तापलेली गाडी रेटली, तर त्याची किंमत बहुतेक वेळा दोन ठिकाणी मोजावी लागते. सिलिंडर हेड वाकते आणि व्हॉल्व्ह जळतो. जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सातशे अंशांच्या आसपास तापतो. त्याच्यावर पाणी खेळत नाही. मग तो निवतो कसा? तो बंद होऊन आपल्या बैठकीवर, म्हणजे सीटवर, टेकतो तेव्हा त्याची उष्णता सीटमार्गे हेडमध्ये आणि तेथून पाण्यात जाते. एका चक्रातील साधारण एक-तृतीयांश काळ तो उघडा असतो आणि उरलेला काळ बसलेला. त्या बसण्यावरच त्याचे आयुष्य अवलंबून असते. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या सामायिकात स्थिर बैठकीचे मोल जाणणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही.

ही बैठक नीट साधावी म्हणून व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामध्ये केसाएवढी फट ठेवलेली असते. तिलाच गॅरेजमध्ये टॅपेट सेटिंग म्हणतात. फट वाढली की इंजिन टिकटिक वाजू लागते. त्या आवाजाने मालक अस्वस्थ होतो आणि मिस्त्रीला टॅपेट आवळायला सांगतो. आवाज थांबतो आणि समाधान वाटते. पण फट गरजेपेक्षा कमी झाली, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण बसूच शकत नाही. उष्णतेला वाट राहत नाही, उरलेल्या फटीतून ज्वाळा निसटते आणि व्हॉल्व्हची कड जळते. वाजणारा टॅपेट निदान सूचना देतो. मुका टॅपेट काहीच सांगत नाही. पेढीवरही तक्रार करत, घासाघीस करत पैसे देणाऱ्या खातेदाराची चिंता कमी असते. महिनोन्महिने गप्प असलेले खातेच पुढे बुडीत निघते.

जुन्या गाडीत ही फट आपोआपही कमी होते. पूर्वीच्या पेट्रोलमधील शिसे मऊ सीटवर एक संरक्षक थर देत असे. 2000 साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. आरोग्याच्या दृष्टीने ते उत्तमच झाले, पण मऊ सीट असलेल्या जुन्या इंजिनांचा तो आधार गेला. सीएनजी किट बसवलेल्या गाडीतही सीट लवकर झिजते, कारण तो वायू कोरडा जळतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह आत सरकतो आणि फट मिटते. म्हणून अशा गाडीची फट ठरावीक अंतराने फीलर गेजने मोजून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला लावावी. कानावर विसंबू नये.

पाण्याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडे पाणी गाळून वापरण्याचा नियम आहे. जीवरक्षणासाठी तो योग्यच आहे, पण विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार कापडाच्या गाळणीने निघत नाहीत आणि ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. रेडिएटरसाठी डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट योग्य प्रमाणात मिसळून वापरावे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि प्राण्यांना अत्यंत विषारी असते. रेडिएटर धुताना ते अंगणात किंवा रस्त्याच्या कडेला सोडले, तर तहानलेले कुत्रे किंवा वासरू ते चाटून मरण पावू शकते. ते भांड्यात धरावे, सांडलेले भरपूर पाण्याने धुऊन काढावे आणि जुने कूलंट गॅरेजच्या हवाली करावे. जयणा पाळणाऱ्या घरात एवढी काळजी अपेक्षितच आहे.

हेड उघडण्याचा खर्च मान्य करण्यापूर्वी कॉम्प्रेशनची तपासणी मागावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब कागदावर लिहून घ्यावा. एखाद्याचा दाब कमी आला, तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. वाढला नाही, तर दोष व्हॉल्व्हचा असण्याची शक्यता अधिक. शेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदमच कमी असेल, तर संशय गॅस्केटवर जातो. हे आकडे हाती असले म्हणजे गाडी दुरुस्त करावी की निरोप द्यावा, याचा निर्णय भावनेच्या भरात किंवा मिस्त्रीच्या अंदाजावर घ्यावा लागत नाही.

आणि प्रवासात काटा लाल रेषेकडे सरकू लागला, तर पुढचे गाव येण्याची वाट पाहू नये. वातानुकूलन बंद करून पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. दर्शनाला तासभर उशीर झाला तरी चालतो. वाकलेले हेड मात्र वाट पाहून सरळ होत नाही.